पैसा आहे, स्वास्थ्य नाही: साधनेची सुरुवात कुठून करावी?

उंबरठा

मोठ्या भावासाठी विचारते आहे. वय ५२, चाकण एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना, चांगला चालतो. मुलं शिकून मार्गी लागली. घर, शेती, गुंतवणूक, कशाचीच ददात नाही. गेलं वर्षभर मात्र एकच पालुपद: हे सगळं कशासाठी केलं? झोप मोडलेली, चिडचिड वाढलेली, संध्याकाळचे दोन पेग ठरलेले. आता मनाने घेतलंय की कारखाना धाकट्या भावाच्या नावावर करायचा, बरंचसं दान करायचं आणि अध्यात्माला लागायचं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर थेट करावं का, आणि तिथे नेमकं काय होतं? धंदा न सोडता साधनेत काही प्रगती होते का? आणि एका गुरुजींनी 'विशेष दीक्षे'साठी भरभक्कम देणगी सुचवली आहे, ती मंडळी कशी पारखायची?

'मन शांत ठेवा' छापाचे सल्ले कृपया नकोत. प्रत्यक्ष काय करायचं ते सांगा.

खडीसाखर

ताई, तुमच्या तीन प्रश्नांआधी एक चौथा प्रश्न आहे. हे वैराग्य आहे की आजार? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कशात रस नाही, माणसं नकोशी, सगळं व्यर्थ. घरचे म्हणतात देवधर्माकडे ओढा लागला, आणि सहा महिन्यांनी कळतं की नैराश्य होतं.

आधी रक्त तपासा. थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि रक्तदाब. पोट सुटलेलं असेल, घोरणं मोठं असेल आणि दुपारी बसल्या बसल्या डोळा लागत असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही बघायला हवं. या त्रासात आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो, आणि थकलेल्या माणसाला सगळंच निरर्थक वाटतं.

मग नैराश्य पडताळायची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं लांबवू नये. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

दोन पेगांबद्दल. घरी सांगितलेले दोन प्रत्यक्षात किती, हे डॉक्टरला खरं सांगायचं. दारूने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते आणि पहाटेची ती बेचैनी बऱ्याचदा त्यातूनच येते. शिबिरात दारू पूर्ण बंद असते. रोज बरीच पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दिवसातच हात थरथरायला लागतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची, आणि त्यानंतर काही आठवडे बरे गेले की मगच शिबिराचा अर्ज.

पैसा आणि सुख यावर एक भर घालते, कारण अर्धीच गोष्ट सगळीकडे फिरते. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन या संशोधकांचा २०१० चा निबंध सांगतो की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरनंतर रोजच्या मनःस्थितीत फरक पडत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये असं काही छत सापडलं नाही. मग कानमन आणि किलिंग्जवर्थ यांनी मिळून आकडे पुन्हा तपासले आणि २०२३ मध्ये उत्तर आलं: बहुतेकांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, पण जे मुळात सर्वांत दुःखी आहेत त्या साधारण पाचव्या हिश्श्यात ते एका पातळीपर्यंतच वाढतं आणि तिथे थांबतं. गरिबीचा जाच पैशाने जातो. वियोग, तुटलेली नाती, नैराश्य यांचा जाच जात नाही. तेव्हा पैसा टाकून दिल्यानेही तो जाईल असं समजायला आधार नाही. उलट, होता तो आधार जातो.

इगतपुरी_लोकल

खडीसाखर यांच्याशी पूर्ण सहमत. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार, चालू औषधं, व्यसन याबद्दल विचारलेलं असतं. खरं लिहायचं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर सुचवलं जात नाही. 'ध्यान करणार म्हणून' स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून जाणारेच सर्वांत जास्त गोत्यात येतात.

आता तपशील. दादांच्या बाबतीत, ही शिबिरं भारतात रुजवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचं उदाहरण चपखल आहे. १९२४ मध्ये मंडालेला जन्म, ब्रह्मदेशातले मोठे उद्योजक, तरुणपणीच यश मिळालेलं, आणि जोडीला अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टर झाले. १९५५ मध्ये ते विपश्यना शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकारच दिला: डोकेदुखी घालवायची असेल तर इथे येऊ नका, हे त्यासाठी नाही. दादांनीही स्वतःला हेच विचारावं. झोप हवी आहे, बायको-मुलांशी पटायला हवं आहे, की खरंच मनाचं मूळ बघायचं आहे? पहिल्या दोन गोष्टींना जवळचे आणि स्वस्त उपाय आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच दोघांत आहे. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, नोकरी करता करता शिकवत. गोएंका १९५५ नंतर पुढची चौदा वर्षं त्यांच्याकडे साधना करत राहिले, आणि धंदा त्यांनी सोडला नाही. साठच्या दशकात लष्करी राजवटीने त्यांचे उद्योग ताब्यात घेतले, ते वेगळं. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहू लागलं.

शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण बारा तारखा मोकळ्या ठेवा. आदल्या दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका. दहाव्या दिवशी निघता येत नाही, तेव्हा परतीचं आरक्षण त्या हिशेबाने करा. फोन, पुस्तकं, वही-पेन, जपमाळ, ताईत, सगळं जमा. एरवी करत असाल ती पूजा, जप, योगासनंही तेवढे दिवस बंद. पहाटे ४ ला घंटा, ४:३० ला बैठक, रात्री ९:३० ला दिवे बंद. मध्ये मिळून दहा-साडेदहा तास बसणं. जेवण ११ वाजता, संध्याकाळी ५ ला नवीन साधकांना चहा-दूध आणि फळं किंवा चुरमुऱ्यांसारखं काही. रात्रीचं जेवण नाही. मधुमेह असेल तर गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा आधी डॉक्टरकडून बदलून घ्या आणि पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाच्या कानावर घाला.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. आत जातो, बाहेर येतो, नाकपुड्यांपाशी काय जाणवतं तेवढंच बघायचं. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात: डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावरून लक्ष फिरवायचं, जी संवेदना असेल ती बघायची आणि पुढे जायचं. त्याच दिवसापासून रोज तीन वेळा एक-एक तासाच्या 'अधिष्ठान' बैठका. त्यात मांडी, हात हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला गुडघा पेटल्यासारखा होतो. इथे धंदेवाईक माणूस हमखास चुकतो. तो वेदनेवर मात करायला बघतो, दात-ओठ खाऊन बसतो, आणि सुखद लहर आली की ती पुन्हा कधी येईल याची वाट बघतो. कालच्यापेक्षा आज किती प्रगती, याचा तक्ता मनात मांडतो. इथे उद्दिष्ट गाठायचं नसतंच. वेदना नको आणि लहर हवी, ही ओढाताण दिसणं हाच अभ्यास आहे. गुडघ्याचं खरंच दुखणं असेल तर आधी सांगून खुर्ची मिळते, त्यात कमीपणा नाही.

दुसरा आणि सहावा दिवस जड जातो, बॅग भरावीशी वाटते. असं वाटलं की दुपारी १२ ते १ च्या वेळात आचार्यांशी बोलायचं. मौन आहे, पण आचार्यांशी आणि व्यवस्थापकांशी बोलायची मुभा असते. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मैत्री-भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात.

पैशाचं विशेष: शुल्क शून्य. एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमची देणगीसुद्धा घेत नाहीत. जास्त पैसे देऊन चांगली खोली मिळत नाही. ज्याला आयुष्यभर पाकीट काढून अडचण सोडवायची सवय आहे, त्याला पहिला धक्का इथेच बसतो. दुसरं, एक शिबिर झालं की सेवेला जाता येतं. दहा दिवस स्वयंपाकघरात भाज्या चिरा, पातेली घासा, हॉल झाडा. माझ्या मते दादांसारख्यांना बसण्याइतकीच सेवेची गरज असते. तिथे त्यांचं कुणी ऐकणार नसतं.

घरी आल्यावर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. बहुतेकांचं गाडं इथे अडतं. संध्याकाळचा तास आधी सुटतो, कारण फोन आणि जेवण. तो घरी नव्हे, ऑफिसातच, निघायच्या आधी दार लावून बसला तर टिकतो. पहाटेचा सुटला तर अर्धा तास तरी बसायचं, पण शून्य होऊ द्यायचं नाही.

इगतपुरीत धम्मगिरीला लागूनच धम्म तपोवन आहे, पण तिथे लांब मुदतीची शिबिरं असतात, नवख्यांसाठी नाही. पुण्याजवळ मरकळला धम्मानंद आहे, चाकणहून तेच सोयीचं. नोंदणी ऑनलाइन आणि जागा लवकर भरतात. जायचं रद्द झालं तर कळवा, प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळते.

तुळशीकट्टा

इगतपुरी_लोकल यांचं म्हणणं मान्य, पण मराठी माणसाला दहा दिवस कोंडून घेण्याआधी अंगणातली वाट दाखवा की! सगळ्यांची प्रकृती मौनाची नसते. कारखान्यात दिवसभर माणसांत वावरणारा माणूस एकदम एकटा बसवला की बिथरतो. त्याला संगत हवी.

हरिपाठ रोज संध्याकाळी, मोठ्याने, घरात जे असतील त्यांना घेऊन. अर्ध्या तासाच्या आत होतो, आणि तो नेमका पेगाच्या वेळेला ठेवायचा. आठवड्यातून एकदा जवळच्या देवळातलं भजन, मागे बसून टाळ धरायचा. पुढे बसायचं नाही, हार घ्यायचा नाही, माइक मागायचा नाही. हे लिहितोय कारण पैसेवाला माणूस दिसला की मंडळी त्याला महिन्याभरात कार्यक्रमाचा अध्यक्ष करतात.

आषाढीची वारी करायची तर गाडीने पालखीमागे जाणं ही वारी नाही. एखाद्या दिंडीत रीतसर नाव घाला. नोंदणीत असलेल्या दिंड्यांना क्रमांक असतो, दिंडीप्रमुखाला आधी भेटायचं, जेवणाखाणाचे ठरलेले पैसे भरायचे, सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, मुक्काम तंबूत. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पहिल्याच खेपेला पूर्ण वाट नको. पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवेघाट. त्यासाठी महिनाभर आधीपासून रोज चालायची सवय हवी, आणि नवीन बूट अजिबात नकोत. पाय फोडांनी भरतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस ड्रायव्हरला फोन करतो.

तुळशीची माळ घालायची तर विचार करून. मद्य-मांस बंद, एकादशी आणि नेमाची वारी हे सगळं तिच्याबरोबर येतं. उत्साहात घालून महिन्याने खुंटीला लावण्यात अर्थ नाही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. तपासण्या करून घ्यायला दादा कसाबसा तयार झाला आहे. कारखाना आणि दीक्षेचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. 'तुकोबांनी कर्जखतं बुडवली ना इंद्रायणीत?' असं मलाच ऐकवतो.

ताळेबंद

ताई, त्या कथेचा उत्तरार्ध त्यांना सांगा. परंपरा अशी सांगते की तुकोबांनी आधी भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची अर्धी खतं त्यांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याच्या वाट्यावर वैराग्य दाखवलं नाही. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की दादांचं स्वतःचं नेमकं किती?

एक कागद घ्या, तीन रकाने. स्वकष्टार्जित, वडिलोपार्जित किंवा एकत्र कुटुंबाचं, आणि कंपनी किंवा भागीदारीच्या नावावरचं. दान फक्त पहिल्या रकान्यातून. वडिलोपार्जितमध्ये मुलांचा, मुलींचासुद्धा, हक्क असतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, आहे. कंपनीचा पैसा हा मालकाचा खिसा नव्हे.

कारखाना 'नावावर करणं' एका सहीने होत नाही. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो, हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. नाममात्र मुद्रांक शुल्काची जी सवलत सगळे सांगतात ती राहतं घर आणि शेतजमीन जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना बक्षीस देताना मिळते. भाऊ त्यात बसत नाही, कारखान्याची जागाही नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बँकेची वैयक्तिक हमी. संचालकपदाचा राजीनामा दिला तरी कर्जाला दिलेली हमी उठत नाही. धाकट्याचा हप्ता थकला की बँक दादांच्या दारात, ते तेव्हा आश्रमात असोत की हिमालयात. बँकेकडून हमीमुक्तीचं लेखी पत्र आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि बँक ते पत्र धाकट्याची पत बघूनच देते. याला वर्ष लागू शकतं.

म्हणून माझा सल्ला: एक वर्ष काहीही कायमचं करायचं नाही. या वर्षात रोजचं काम धाकट्याकडे, दादा आठवड्याला दोन दिवस. धनादेशांवर दोघांच्या सह्या. वर्षभरात कारखाना चालला आणि दादांचं मनही तिथेच राहिलं तर मग कागद करा. दानाआधी दोघा नवरा-बायकोंच्या वर्षाच्या खर्चाची किमान ३० पट रक्कम बाजूला, आरोग्यविमा वेगळा. मृत्युपत्र आत्ताच. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी. साक्षीदार म्हणून ज्यांना काही मिळणार आहे त्यांना घेऊ नका.

आता दीक्षा. संस्था महाराष्ट्रातली असेल तर ती सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का बघा. त्यांच्याकडे परिशिष्ट-१ चा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं, न्यासाचा उद्देश, मिळकती लिहिलेल्या असतात. विश्वस्तांत गुरुजी, त्यांची पत्नी, मुलगा आणि मेहुणा एवढेच असतील तर काय समजायचं ते समजा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. चांगली संस्था वैतागत नाही, फोटोकॉपी काढून देते.

देणगी बँकेतूनच. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर देणगीवरची आयकर वजावट मिळत नाही, आणि नव्या कररचनेत तर ही वजावटच नाही. खात्याचं नाव न्यासाचं हवं. 'गुरुजींच्या खात्यात टाका, पावती नंतर' म्हटलं की विषय संपला. रक्कम सांगून दीक्षा विकणं, 'आठ दिवसांत निर्णय घ्या', 'घरच्यांना सांगू नका, त्यांचे संस्कार आड येतील' ही तिन्ही वाक्यं धोक्याची आहेत, आणि तिसरं सर्वांत जास्त.

चमत्कार दाखवून किंवा अघोरी भीती घालून पैसे उकळत असतील तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ ते ५० हजार दंड. तक्रार पोलीस ठाण्यातल्या दक्षता अधिकाऱ्याकडे करायची.

खडीसाखर

ताळेबंद यांच्या 'एक वर्ष काहीही कायमचं नाही' याला +१. वैद्यकीय बाजूनेही हेच सांगतात. नैराश्याचे उपचार सुरू असताना मालमत्ता, घटस्फोट, राजीनामा असे मोठे निर्णय पुढे ढकलायचे. गोळ्यांचा गुण यायलाच तीन-चार आठवडे लागतात. शिवाय एक बघा: महिनाभर उदास असलेला माणूस अचानक फार उत्साही झाला, झोप तीन-चार तासांवर आली तरी ताजातवाना, दानाचे आकडे रोज वाढताहेत, बोलणं थांबत नाही, तर तो साक्षात्कार समजू नका. लगेच डॉक्टरला कळवा. हे वेगळ्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि नैराश्यावरच्या गोळ्या तिथे उलट्या पडू शकतात.

उंबरठा

शेवटची शंका. शिबिराला वेळ आहे तोवर घरी श्वासावर बसायला सुरुवात केली तर चालेल का? की चुकीची सवय लागते?

इगतपुरी_लोकल

चालेल. आनापान, म्हणजे नुसता श्वास बघणं, घरी करायला हरकत नाही. आधी दहा मिनिटं, आठवडाभराने पंधरा, वीसच्या वर सध्या नको. पाठ सरळ, खुर्चीवर बसलं तरी चालतं. गजर लावून फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, मनात 'ओम' किंवा 'सोहम' जोडायचं नाही. मन पळालं की परत आणायचं, कितीदा पळालं ते मोजायचं नाही. संवेदनांवरून लक्ष फिरवणं मात्र व्हिडिओ बघून करू नका, ते शिबिरातच शिकायचं. आणि बसताना भीती वाढली, छातीत धडधडलं, जुने प्रसंग अंगावर आले तर डोळे उघडायचे, उठून चालायचं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरला सांगायचं. अर्ज भरताना 'याआधी कोणती ध्यानपद्धती केली आहे' असं विचारतात, तिथे हेही लिहा.